फोटो झोपून काढला, दुखतं उभ्याने

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

माझी कराडात छोटी खानावळ आहे. दोन्ही वेळचे मिळून साठेक डबे जातात. वय ४४. गणपतीत, गौरी जेवल्या त्या रात्री लाइट गेली होती. माडीवरून रिकामं पातेलं घेऊन उतरत होते, शेवटची पायरी राहिलीय हे कळलंच नाही. उजव्या पायाची बोटं खाली दुमडल्यासारखी झाली आणि सगळं अंग त्याच्यावर आलं. कट्कन आवाज पायाचा आला की पातेल्याचा, सांगता येत नाही. त्या रात्री पाय टेकवेना. सकाळी दवाखान्यात गेलो, फोटो काढला. हाड मोडलेलं नाही, मुरगळलाय, पंधरा दिवसांत बरा होईल म्हणाले. क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तळव्यालासुद्धा काळंनिळं पडलं होतं, ते आपोआप गेलं. विश्रांती म्हणाल तर चार दिवस. डबे बंद ठेवले की माणसं दुसरीकडे लागतात.

पुढे सासूबाईंच्या माहेरगावी एकजण हाड बसवतात, त्यांच्याकडून तीनदा चोळून, ओढून आणला. डोळ्यांतून पाणी आलं, फरक नाही. आता पाच महिने झाले. सकाळी उठते तेव्हा काही नसतं. भाकऱ्या सुरू झाल्या की तासाभरात पावलाच्या वर, बुटाची नाडी बांधतात तिथे, ठणकायला लागतं. चवड्यावर उभी राहून वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. जिना आडवी होऊन उतरते. संध्याकाळी उजवी चप्पल घट्ट होते. परत दवाखान्यात गेले. युरिक अ‍ॅसिड तपासलं, बरोबर आलं. डी व्हिटॅमिनच्या पुड्या दिल्या, वजन कमी करा म्हणाले. मिस्टर म्हणतात, फोटोत काही नाही म्हटल्यावर आता मनातून काढून टाक. मुलगा म्हणतो एमआरआय करू. एवढा खर्च करून त्यातही काही निघालं नाही तर? मोठ्या डॉक्टरांकडे जावं तर आमच्या डॉक्टरांना वाईट वाटेल, घरातली सगळी त्यांच्याच औषधावर वाढलीत. आणि ऑपरेशन सांगितलं तर खानावळीचं काय, या विचाराने झोप लागत नाही.

— एक वाचक, कराड

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबलो. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, आणि ‘ते आपोआप गेलं’ म्हणून सोडूनही दिली आहे. तिसऱ्या दिवशी तळव्याला काळंनिळं पडलं होतं, ती ओळ.

साधा पाय मुरगळतो तेव्हा सूज येते घोट्याच्या बाहेरच्या अंगाला, आणि निळंजांभळं पडतं तेही तिथेच, फार तर टाचेच्या कडेने खाली ओघळतं. तळव्याच्या मधोमध डाग पडणं ही निराळी गोष्ट आहे. तिथली कातडी जाड, खाली चरबीची गादी, त्याखाली चिवट पट्टे. एवढं सगळं ओलांडून रक्त कातडीपर्यंत येऊन दिसलं, म्हणजे पावलाच्या मधल्या भागात खोलवर काहीतरी फाटलं असण्याची शक्यता बरीच. पडला कसा हे विचारावं, तर तुम्ही तेही लिहून ठेवलंय: बोटं खाली, टाच वर, आणि वरून अख्ख्या देहाचं वजन. पायरी चुकून होणारी ही दुखापत हाडांच्या डॉक्टरांच्या पुस्तकात जशी वर्णन केलेली असते, तशीच तुम्ही लिहिली आहे.

मी तुमचा पाय पाहिलेला नाही. हात लावल्याशिवाय निदान करणारा डॉक्टर आणि कुंडली न बघता लग्न जमवणारा गुरुजी, दोघांपासून लांब राहावं. पण मी तुमच्या जागी असतो तर कोणती शंका आधी फेडून घेतली असती, ते सांगतो. तिला लिस्फ्रँकची इजा म्हणतात.

पावलात २६ हाडं असतात. बोटांच्या मागे पाच लांब हाडं आणि त्यांच्या मागे लहान हाडांचा गठ्ठा, असं मधल्या भागाचं बांधकाम. आडवा छेद घेतला तर ते दगडी पुलाच्या कमानीसारखं दिसतं. कमानीच्या माथ्यावर एक दगड दोन्हीकडच्या दगडांना अडवून धरतो ना, ते काम इथे दुसऱ्या बोटाच्या लांब हाडाचं बूड करतं. मागच्या हाडांच्या खाचेत ते खुंटीसारखं खोचलेलं असतं. आता गंमत अशी, की दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची हाडं बुडाशी एकमेकांना बांधलेली असतात, पण अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या हाडांना आपसात बांधणारा बंध निसर्गाने ठेवलेलाच नाही. त्याऐवजी मागच्या आतल्या हाडापासून एक जाड बंध तिरका येऊन दुसऱ्या हाडाचं बूड धरून ठेवतो. हाच लिस्फ्रँकचा बंध. तो तुटला किंवा ताणून सैल झाला, तर हाड अखंड असूनही वजन पडेल तशी कमान उलते. वजन काढलं की हाडं पुन्हा जवळ येतात.

जाक लिस्फ्रँक हे नेपोलियनच्या काळातले फ्रेंच सर्जन, १७९० ते १८४७. त्यांचं नाव खरं तर १८१५ साली त्यांनी या सांध्यांमधून पाऊल कापण्याची जी रीत सांगितली, तिच्यामुळे लागलं. त्या काळी घोडेस्वार पडायचा, पाय रिकिबीत अडकून राहायचा आणि पाऊल इथेच पिळवटायचं. आता घोडे गेले. फुटबॉल, मोटारसायकल आणि अंधारातले जिने आले.

आता तुमच्या फोटोबद्दल. त्या दिवशी पाय टेकवतच नव्हता, म्हणजे एक्स-रे टेबलावर झोपवून काढला असणार. त्यात कोणाची चूक नाही, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पण झोपलेल्या माणसाच्या पावलावर वजन नसतं. बंध तुटलेला असला तरी हाडं आपापल्या जागी शहाण्यासारखी बसलेली दिसतात. सुरुवातीला दर पाचांतली एक लिस्फ्रँक इजा निसटते असं आमच्याकडे सांगितलं जातं, त्याचं मोठं कारण हेच. तुमचा पाय उभं राहिल्यावर दुखतो आणि फोटो झोपून काढलेला आहे. ‘फोटोत काही नाही’ याचा अर्थ त्या दिवशी, त्या स्थितीत मोडलेलं हाड दिसलं नाही, एवढाच. पाच महिन्यांनंतर तुम्ही भाकऱ्या थापत उभ्या असता तेव्हा पावलात काय होतं, हे त्या फोटोला कोणी विचारलेलंच नाही.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गवंडी आला होता, परांचीवरून उतरताना पाय वाकडा पडलेला. फोटो बघून मीही म्हणालो, मुरगळलाय, होईल बरा. आठ-नऊ महिन्यांनी तो परत आला तेव्हा काही न बोलता त्याने पायातली चप्पल काढून उलटी धरली. आतल्या कडेने पार झिजून गेलेली, बाहेरची कड नव्यासारखी. पावलाची कमान बसली होती. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून पाय दुखावलेला कोणीही आला की मी पाऊल उचलून तळवा बघतो. तुम्हीही आज तुमच्या दोन चपला उलट्या करून शेजारी शेजारी ठेवा आणि फोनवर फोटो काढून घ्या. डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडेल.

मनातून काढून टाकायचं म्हणता, तर मिस्टरांना माझा निरोप सांगा. मनातलं दुखणं भाकऱ्यांच्या संख्येप्रमाणे वाढत नाही. सकाळी नाही, तासाभराच्या उभं राहण्याने सुरू, जिना उतरताना जास्त, संध्याकाळी सूज. हे दुखणं वजनाचा हिशेब ठेवतंय. असं दुखणं बहुतेक वेळा सांध्याचं, बंधाचं किंवा हाडाचं असतं. वजन कमी करा हा सल्ला वाईट नाही, वजन कमी झालं तर प्रत्येक पाय सुखावतो. पण गौरी जेवल्या त्या दिवशी सकाळीही तुमचं वजन तेवढंच होतं आणि पाय दुखत नव्हता. त्यामुळे पाच महिन्यांच्या ठणक्याचं खापर वजनावर फोडता येणार नाही. डी व्हिटॅमिनच्या पुड्या जेवढ्या लिहून दिल्या तेवढ्या घ्या, मनाने पुढे चालू ठेवू नका. आठवड्याची पुडी ६०,००० युनिटची असते, ती काही बडीशेप नव्हे.

एमआरआयच्या आधी उभ्याने एक्स-रे काढा. एवढीच एक गोष्ट या पत्रातून घेतलीत तरी चालेल. दोन्ही पावलांचा, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन, समोरून, तिरका आणि बाजूने. डाव्या पायाचा कशाला, असं विचारतील. तो तुलनेसाठी. अंगठ्याच्या आणि दुसऱ्या बोटाच्या हाडांमधली फट प्रत्येकाची थोडी वेगळी असते, त्यामुळे तुमच्या उजव्या पायाचं माप तुमच्या डाव्यानेच काढायचं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर शंका बळावते. बाजूने काढलेल्या फोटोत कमान बसली आहे का तेही कळतं. एमआरआयच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

एक्स-रेवाल्या मुलाला गर्दीत वेळ नसतो, तो सवयीने ‘झोपा’ म्हणेल. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘उभ्याने, वजन देऊन, दोन्ही पावलं’ असं लिहून घ्या आणि झोपायला सांगितलं तर चिठ्ठी दाखवा. आणखी एक. पाच महिन्यांत तुम्हाला नकळत डाव्या पायावर भार टाकून उभं राहायची सवय लागली असणार, ओट्यापाशी तर नक्कीच. तिथे तसं उभं राहिलात तर उजव्या पायावर वजनच येणार नाही आणि फोटो पुन्हा खोटं बोलेल. दुखलं तरी त्या मिनिटापुरतं दोन्हीवर सारखं उभं राहा.

एमआरआय वाईट नाही. बंध फाटलाय का, हाडाच्या आत मार लागलाय का, हे तो दाखवतो. उभ्याने काढलेला फोटो संशयास्पद निघाला, किंवा स्वच्छ निघूनही तपासताना त्याच जागी दुखत असेल, तर तो करावाच. पण तोही झोपूनच होतो, हे मुलाला सांगा. बारीक तुकडा उडालाय का, सांध्याच्या कडा झिजल्यात का, हे बघायला सीटी स्कॅन बरा. कोणता करायचा हे पाऊल हाताने तपासल्यावर ठरतं. दुकानात जाऊन साडी मागावी तसा एमआरआय मागू नये.

लिस्फ्रँक सोडून दुसरंही काही असू शकतं, तेही सांगून ठेवतो. लांब हाडाला बारीक चीर पडलेली असते, ती पहिल्या फोटोत दिसत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी भरायला लागली की दिसते. हे सैनिकांमध्ये इतकं आढळायचं की प्रशियाच्या लष्करातल्या एका डॉक्टराने १८५५ सालीच लांब कूच करणाऱ्यांच्या सुजलेल्या पावलांबद्दल लिहून ठेवलं होतं, एक्स-रेचा शोध लागायच्या चाळीस वर्षं आधी. तुमची खानावळ म्हणजे रोजची कूचच आहे. घोट्याच्या पुढे, कमानीच्या माथ्यावर नौकेसारखं एक हाड असतं, त्याचीही चीर अशीच लपते. टाचेचं दुखणं मात्र तुमचं वाटत नाही. त्यात सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात वाईट असतं आणि चाललं की सैल होतं. तुमचं नेमकं उलटं आहे.

तुम्ही साखरेबद्दल काही लिहिलेलं नाही. तपासली नसेल तर तपासा, आणि मधुमेह असेल तर हे सगळं पत्र बाजूला ठेवून उद्याच जा. मधुमेहात कधी कधी पाऊल गरम, लाल, सुजलेलं असतं आणि दुखतं मात्र त्या मानाने कमी. आत हाडं खचत असतात आणि माणूस चालत राहतो. तसंच चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, पाय आग-आग होतो, एकदा थंड एकदा गरम, रंग बदलतो, घाम वेगळाच येतो, असं काही असेल तर तो नसांचा त्रास असतो आणि त्याच्यावर जितक्या लवकर उपचार तितकं बरं. पोटरी एकाएकी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला, तर पायाच्या डॉक्टरची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा, रक्ताची गुठळी असू शकते. पत्रावरून यातलं काही तुम्हाला आहे असं दिसत नाही.

चोळणं आजपासून बंद. हाड बसवणाऱ्यांबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही, निखळलेला खांदा सफाईने बसवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण इथे बसवायला काही निखळलेलं नसून बांधणारं काहीतरी सैल झालं असण्याची शंका आहे. सैल झालेली गाठ ओढून घट्ट होत नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, ‘डॉक्टरने मना केलंय’ म्हणा आणि वाईटपणा माझ्यावर येऊ द्या. त्याचबरोबर, निदान व्हायच्या आधी ‘जिथे दुखतं तिथे एक इंजेक्शन देऊन टाकू’ असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. दुखणं महिनाभर झाकलं जाईल आणि तुम्ही साठाचे सत्तर डबे कराल. वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. अधूनमधून ठीक, पण महिनोन्‌महिने रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही हिशेब मागतात.

आता तुमच्या डॉक्टरांना वाईट वाटेल का? मला विचाराल तर आधी त्यांच्याकडेच जा. तक्रार घेऊन नव्हे, विनंती घेऊन. एवढंच म्हणा: ‘डॉक्टर, त्या वेळी पाय टेकत नव्हता म्हणून झोपून फोटो काढला होता. आता टेकतो, तर दोन्ही पायांचा उभ्याने काढून बघायचा का? आणि पायाच्या तज्ज्ञांना एकदा दाखवावं म्हणते, तुम्ही चिठ्ठी द्याल का?’ चांगला डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो, बहुतेक वेळा त्याला हायसंच वाटतं. आणि नाहीच दिली, रुसले, तरी दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. जुना एक्स-रे आणि कागद मागून घ्या. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने नोंदी मागितल्या तर त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. हे वाक्य दवाखान्यात फेकू नका, पण मनात असू द्या, आवाज आपोआप ठाम येतो.

कुठे जायचं, तर हाडांचे डॉक्टर सगळे असले तरी पाऊल आणि घोटा हेच मुख्य काम करणारे वेगळे असतात. तुमच्यापासून मिरज, कोल्हापूर, पुणे तिन्ही हाताशी. मिरजेला आणि पुण्याला तर कराडहून सरळ रेल्वे आहे. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेलात तर रांग लांब लागेल, पण एका छताखाली तपासणी, फोटो आणि मोठ्या डॉक्टरांची नजर तिन्ही होतं आणि खिशाला झेपतं.

तिथे पोचल्यावर ‘पाय दुखतोय’ एवढंच सांगून थांबू नका. ओपीडीत तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात आणि ती वजन, विश्रांती आणि मिस्टर काय म्हणतात यात निघून जातात. वहीच्या एका पानावर लिहून न्या. मी लिहिलं असतं तर असं: ‘गणपतीत शेवटची पायरी चुकली, बोटं खाली दुमडून त्यावर वजन आलं. त्या रात्री पाय टेकवता आला नाही. तिसऱ्या दिवशी तळवा काळानिळा. फोटो झोपून काढला होता, हाड ठीक. पाच महिन्यांनी अजून उभं राहिल्यावर पावलाच्या वरच्या बाजूला मध्ये दुखतं, चवड्यावर उभं राहता येत नाही, संध्याकाळी सूज. मधल्या सांध्यांना इजा झालीय का, ते बघाल का?’ दुखतं ती जागा एका बोटाने दाखवा, पंजाने चोळून नव्हे. घरीच आज भिंतीला धरून आधी डाव्या आणि मग उजव्या एकट्या पायाच्या चवड्यावर उठायचा प्रयत्न करा, एकदाच. फरक काय जाणवला तोही लिहा. रोज करून बघू नका, ती परीक्षा आहे, व्यायाम नाही.

ऑपरेशनची भीती समजते. पण क्रम लक्षात घ्या. उभ्याने काढलेल्या फोटोत फट नसेल, कमान ठीक असेल, तर काही आठवडे कडक तळव्याचा बूट किंवा वॉकिंग बूट, आत कमानीला आधार देणारा पॅड आणि मग फिजिओथेरपी, एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. फट असेल तर खरं सांगायला हवं: ही इजा पहिल्या काही आठवड्यांत सापडली असती तर काम सोपं होतं. पाच महिन्यांनी उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. तेव्हा कधी हाडं जागेवर आणून स्क्रूने किंवा प्लेटने धरतात, आणि सांधे झिजले असतील तर ते सांधे कायमचे जोडून टाकतात. ‘सांधा जोडून टाकणार’ ऐकलं की माणूस दचकतो, पाय लाकडाचा होईल असं वाटतं. पण हे मधले सांधे मुळात फारसे हलतच नाहीत. चालताना हलतो तो घोटा आणि बोटं. त्यामुळे जोडलेल्या पावलाने माणसं चांगली चालतात, जिने चढतात. कोणता सांधा दुखतोय याची खात्री नसेल तर एक्स-रेच्या मदतीने नेमक्या त्या सांध्यात थोडं भुलीचं औषध टाकून बघतात. त्या तासाभरात ठणका गेला तर गुन्हेगार सापडला. मघाशी मी नको म्हटलेलं इंजेक्शन आणि हे, दोन्ही वेगळे.

ऑपरेशन झालंच तर दीड-दोन महिने त्या पायावर वजन टाकायचं नसतं आणि पूर्ण सावरायला सहा महिने ते वर्ष जातं. हे आधीच ठाऊक असलं की खानावळीची सोय लावता येते: एक बाई भाकऱ्यांना, तुम्ही खुर्चीत बसून भाजी निवडणं, हिशेब आणि डब्यांवर नजर. शाळा-कॉलेजच्या सुट्टीत डबे कमी होतात ना, तो काळ बघा. पैशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर वर्षी कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. साधारणपणे भरती होऊन केलेल्या उपचारांनाच ते मिळतं, ओपीडीतल्या तपासण्यांना नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन तिथे बसा आणि तारीख घ्यायच्या आधी विचारा, ‘हे ऑपरेशन यादीत आहे का?’ भरती झाल्यावर विचारणारे फार भेटतात.

आणि समजा सगळं करून झालं, उभ्याचा फोटो स्वच्छ, एमआरआयही स्वच्छ. तुम्हाला नेमकी ह्याचीच भीती आहे. तरी पैसे वाया गेले नाहीत. काय नाही ते कळलं, म्हणजे आता न घाबरता पाय वापरात आणता येतो. दुखापतीनंतर कधी कधी नसाच हळव्या होऊन बसतात, इजा भरली तरी त्या ओरडत राहतात. तेही खरंच दुखणं असतं आणि फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली रोज थोडं थोडं वजन वाढवत ते उतरवता येतं. ‘मनाचं आहे’ हे त्याचं भाषांतर होत नाही.

तोवर ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा, बूड टेकलं तरी हात ओट्यावर पोचेल असं. आपल्या आज्या चुलीपुढे बसून भाकऱ्या करायच्या. स्वयंपाकघरं सुधारली तेव्हा बायकांना तीन तास उभं राहायची शिक्षा कोणी आणि का दिली, हे मला अजून कळलेलं नाही. पण पाटावर बसू नका, उठताना सगळा भार चवड्यावरच येतो. फरशीवर अनवाणी वावरू नका. स्लिपर नको, तळवा हाताने सहज दुमडत नाही असा बूट घ्या, घरात घालायला म्हणून नवा. माझ्या आईने चपला घालून स्वयंपाकघरात येऊ दिलं नसतं, तुमच्या सासूबाईही कदाचित देणार नाहीत. तर तो बूट घराबाहेर घालायचा नाही आणि त्यांच्या देखत धुऊन ठेवायचा.

मिरजेला निघायच्या आदल्या रात्री पायाला साबण लावून जोडवी आणि पैंजण काढून ठेवा. फोटोच्या वेळी काढायला सांगतातच आणि प्रवासाने सुजलेल्या बोटातून ती ऐनवेळी निघत नाहीत.